ग्रँड सेंट्रल, फेब्रुवारी १९१३ : एका छेदचित्राच्या कामाच्या नोंदी

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं आरेखक होतो. धरणांचे आडवे छेद, कालव्यांचे एल-सेक्शन (लांबीतले छेद), दरवाजांचे तपशील हेच काम. निवृत्तीनंतर पुतणीने न्यू जर्सीहून एक चित्र पाठवलं : 'सायंटिफिक अमेरिकन'चं डिसेंबर १९१२ चं मुखपृष्ठ. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल टर्मिनल मधोमध कापून आतले मजले, रूळ आणि माणसं उघडी करून दाखवली आहेत. स्थानक उघडायला तेव्हा दोन महिने बाकी होते.

त्या काळात छायाचित्रं छापणं सोपं झालं होतं, तरी लंडन-न्यूयॉर्कच्या सचित्र साप्ताहिकांनी आरेखक सोडले नव्हते, कारण कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हाही वाचकांना आतले कप्पे समजले ते जहाजाच्या छेदांवरून. अशा पद्धतीचं एक चित्र मराठी नावांसह हाताने काढायचं मी ठरवलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१२ मे २०२४

मुखपृष्ठाची फाइल प्लॉटरवाल्याकडे नेऊन ए-१ आकारात छापून घेतली. दोन प्रती, २४० रुपये. बेत असा होता की वर ट्रेसिंग ठेवून मुख्य रेषा उचलायच्या. घरी येऊन पाहतो तर रेषा अशी नाहीच, सगळे छपाईचे ठिपके. मूळ आकारात डोळा ते ठिपके जोडून घेतो. एवढं मोठं केल्यावर खांबाची कड कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते भिंगातूनही ठरवता येईना. दीड दिवस ट्रेसिंग करून कागद फाडला.

जुनं छापील चित्र मोठं करून गिरवू नका. ते समोर भिंतीवर लावा, मांडणी समजून घ्या आणि चित्र मोजमापावरून नव्याने उभं करा.

१४ मे

खात्रीची मापं जमवली. मुख्य दालन २७५ फूट लांब, १२० फूट रुंद, १२५ फूट उंच. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे ४२व्या रस्त्याला समांतर. दक्षिणेला रस्ता आणि प्रतीक्षागृह, उत्तरेला रूळ. रुळांचे दोन मजले : वर लांब पल्ल्याच्या गाड्या, खाली उपनगरी.

प्रमाण ठरवलं १ इंच = १६ फूट. इम्पीरियल शीटवर (३० × २२ इंच) नीट बसतं.

१९ मे

पूर्व-पश्चिम छेद घेतला, दालनाच्या लांबीतून. २७५ फूट म्हणजे कागदावर १७ इंचांहून जास्त. दोन्ही टोकांच्या उंच खिडक्या, वरची कमान, सगळं भारदस्त दिसतंय. पेन्सिलीचं काम रोज चार तास.

२८ मे

नऊ दिवस फुकट गेले. चित्र सुरेख दिसतं आणि काही सांगत नाही.

या इमारतीची खरी करामत माणूस रस्त्यावरून गाडीपर्यंत कसा जातो त्यात आहे. जिने टाळून उतार केले आहेत. रस्त्यावरून आत, प्रतीक्षागृह ओलांडून दालनात, तिथून फलाटावर, नाहीतर उताराने खाली उपनगरी दालनात. हा सगळा प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. मी सुरी फिरवली ती त्याला आडवी. माझ्या छेदात एकही उतार बाजूने दिसत नव्हता आणि गाड्या सगळ्या भिंतीमागे गेल्या होत्या.

धरणाचा छेद कुठे घ्यायचा हे आम्हाला ऑफिसात कुणी विचारत नसे. पाणी एका बाजूला, मोकळं दुसऱ्या बाजूला, छेद त्यांच्या मधून. इथे मात्र पहिला निर्णय तोच, आणि तो मी खिडक्या देखण्या आहेत म्हणून घेतला. आता आधी पानभर लिहून काढलं : माणूस कुठून येतो, कुठे वळतो, कुठे थांबतो. छेद त्या वाटेवरून.

नवीन छेद दक्षिण-उत्तर, इमारतीच्या मध्यरेषेतून.

२ जून

शनिवारी पुतणी मुद्दाम स्थानकात जाऊन आली. ८४ फोटो पाठवले. पश्चिमेच्या सज्जावर उभं राहून घेतलेले सगळ्यांत चांगले आले आहेत, त्यांत पूर्वेकडचा संगमरवरी जिना स्पष्ट दिसतो. म्हणून छेदातून पूर्वेकडे पाहायचं ठरवलं. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा फोटोवर मोजून घेतल्या.

९ जून

पूर्वेचा जिना १९१३ मध्ये नव्हता!

मूळ आराखड्यात होता, पण बांधला गेला नाही. बांधला तो १९९० च्या दशकातल्या जीर्णोद्धारात, १९९८ मध्ये. पश्चिमेचा जिना पहिल्यापासूनचा. दोन्ही एकमेकांचं प्रतिबिंब वाटावेत असे केले आहेत, त्यामुळे फोटोवरून कळायला मार्ग नाही. मला कळलं ते जीर्णोद्धाराची माहिती वाचताना, आणि तीही मी दगडाचा रंग शोधायला म्हणून उघडली होती.

काम अजून पेन्सिलीत होतं, म्हणून पाच दिवसांवर निभावलं. चित्राची दिशा उलटी केली. आता छेदातून पश्चिमेकडे पाहायचं. एक फायदा आपोआप झाला : रस्ता डावीकडे आणि गाड्या उजवीकडे आल्या. आपण वाचतो त्याच दिशेने माणूस चित्रात शिरतो.

चित्राच्या शीर्षकात तारीखही घातली : २ फेब्रुवारी १९१३, स्थानक उघडलं तो दिवस. त्या दिवशी दीड लाखावर माणसं नुसती बघायला आली होती. गर्दी काढायला सबळ कारण मिळालं.

१६ जून

उभारणी. आयसोमेट्रिक करून पाहिलं. दूरची भिंत जवळच्याएवढीच मोठी राहते आणि दालन गोदामासारखं दिसतं. एकबिंदू यथार्थदर्शन घेतलं, म्हणजे मागे जाणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूला मिळतात. त्याचा उपयोग असा की कापलेलं तोंड कागदाला समांतर राहतं, म्हणून छेदावरचं प्रत्येक माप पट्टीने सरळ घेता येतं, १ इंचाला १६ फूट. फक्त मागे जाणाऱ्या गोष्टी लहान होतात.

डोळा छेदापासून २५० फुटांवर धरला. मध्यरेषेपासून दालनाची पश्चिम भिंत साधारण १३७ फूट. म्हणजे तिथे सगळं सुमारे ०.६५ पट. साडेपाच फुटी माणूस छेदावर ८.७ मिलिमीटर, पश्चिम भिंतीपाशी ५.६. हे दोन आकडे पुठ्ठ्यावर कापून ठेवले आणि प्रत्येक माणूस त्यावर तपासला. आधी नुसत्या नजरेने काढलेली चाळीसेक माणसं पुसावी लागली, कारण मागची माणसं मोठी झाली होती आणि दालन त्यामुळे निम्मं वाटत होतं. १२५ फूट उंची कागदावर दिसते ती खाली उभ्या असलेल्या माणसामुळे. इमारत कितीही काटेकोर काढा, माणूस चुकला की सगळं चुकतं.

२७ जून

साताऱ्यात पाऊस लागला. आज शाई सुरू केली, हातकागदाच्या ३०० ग्रॅमच्या शीटवर. पहिली ०.२ मिलिमीटरची रेघ बरी आली. तासाभरात रेघेच्या कडेला केस फुटायला लागले. कागदाने दमट हवा ओढून घेतली होती. शीट गादीखाली दाबून ठेवलं, दिव्याखाली धरलं, उपयोग शून्य. कापलेल्या तोंडाची ०.८ ची जाड रेघ तर सरळ फुगली.

शीट गेलं. ३२० रुपये आणि पेन्सिलीचे अकरा दिवस. पावसाळ्यात शाईचं काम हातकागदावर घेऊ नये हे मला ठाऊक असायला हवं होतं. ऑफिसात आम्ही जून लागला की फिल्मवरच जात असू. चित्र मानाने कागदावर असावं असं वाटलं, त्या हट्टापायी हे झालं.

४ जुलै

पॉलिएस्टर फिल्म, ७५ मायक्रॉन, एका बाजूने मॅट. तीन शीट ७५० रुपये, पुण्याहून मागवावी लागली. शाईही फिल्मची वेगळी, साधी शाई वाळल्यावर पापुद्र्यासारखी निघते. जुन्या रॉट्रिंग पेनांपैकी ०.४ आणि ०.८ कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सुरू झाली. ०.२ ची सुई वाकलेली निघाली. नवीन १,९५० रुपये. या कामातला सगळ्यांत मोठा खर्च हाच.

फिल्मवर हाताचा घाम लागला की शाई तिथे धरत नाही, रेघ तुटते. जुना उपाय : फडक्यात टाल्कम पावडर बांधून शीटभर हलकी फिरवायची, कोरड्या फडक्याने साफ झाडायची आणि तळहाताखाली कायम कोरा कागद ठेवायचा. पावडर नीट झाडली नाही तर पेन चोंदतं. माझं दोनदा चोंदलं.

रेषांची वाटणी : कापलेलं तोंड ०.८, छेदालगतचं ०.४, मागचं सगळं ०.२. कापलेलं तोंड आतून भरीव काळं. हे काळं भरल्याक्षणी चित्र उघडलं. तोवर भिंत कुठली आणि पोकळी कुठली यात डोळा अडखळत होता.

१३ जुलै

उजवीकडचे रुळांचे दोन मजले. वरच्या फलाटाला विजेचं इंजिन काढलं आणि हाताने आपसूक वर तार ओढली, इंजिनाच्या डोक्यावर पँटोग्राफही (तारेतून वीज घेणारा सांगाडा) ठेवला. जन्मभर पुणे-मुंबई पाहिलेला हात.

इथे वीज येते ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, आणि गाडीचा पट्टा त्या रुळाला खालून टेकतो. वरून लाकडी आच्छादन असतं, त्यामुळे बर्फ साचत नाही आणि माणसाचा पायही सहसा लागत नाही. हा तपशील माझ्या चित्रात ३ मिलिमीटरचा आहे, पण तो चुकवून चालणार नव्हतं. सगळी इमारत त्या विजेवर उभी आहे. ८ जानेवारी १९०२ ला पार्क अव्हेन्यूच्या बोगद्यात धुराने सिग्नल दिसला नाही, एक गाडी दुसरीवर आदळली, १५ माणसं गेली. त्यानंतर मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांना बंदीचा कायदा झाला. धूर नाही म्हटल्यावर रूळ जमिनीखाली दोन मजल्यांत ठेवता आले, आणि वरची जागा इमारतींसाठी मोकळी झाली. विल्यम विल्गस या मुख्य अभियंत्याची ही कल्पना. वर तार दाखवली असती तर मजल्यांची उंचीही खोटी ठरली असती.

तार पुसली. फिल्मवरची शाई ओल्या खोडरबराने निघते. कागदावर असतो तर भोक पडलं असतं.

२१ जुलै

नावं लिहिण्यात आठ दिवस गेले. मी एक दिवस धरला होता.

पहिली अडचण निर्देशरेषांची. ऑफिसच्या सवयीने रेघ आडवी आणून नावाला टेकवली. इंग्रजी अक्षरांना ते चालतं. मराठीत ती रेघ जाऊन शिरोरेखेला मिळते आणि 'मुख्य दालन' हा शब्द डावीकडे दोन इंच लांबलेला दिसतो. सगळ्या निर्देशरेषा तिरप्या केल्या, शब्दाच्या २ मिलिमीटर अलीकडे थांबवल्या, दुसऱ्या टोकाला ठिपका दिला.

दुसरी, अक्षराची उंची. २.५ मिलिमीटरला उकार आणि रफार शाईने बुजतात. ३.५ वर गेलो. मग जागा पुरेना. काही वाक्यं काढून टाकली.

क्रमांक घालून खाली यादी द्यायचा सल्ला एका जुन्या सहकाऱ्याने दिला. मला तो पटला नाही. वाचकाची नजर प्रत्येक आकड्याला चित्र सोडून खाली जाते, परत येते, आणि आपण कुठे होतो ते हरवते. नाव वस्तूपाशीच हवं.

शब्दही ठरवावे लागले. कॉनकोर्सला 'दालन', वेटिंग रूमला 'प्रतीक्षागृह', रॅम्पला 'उतार'. फलाट, सिग्नल, इंजिन हे आपलेच. गाड्या उलट न फिरवता परत पाठवायला खाली गोल वळणाचे रूळ आहेत, त्याला 'वळसा' लिहिलं. पण माझ्या छेदात वळसा गोल दिसूच शकत नाही. कोपऱ्यात तीन इंचांचा छोटा नकाशा घालून तो तिथे दाखवला.

४ ऑगस्ट

दर्शनी बाजू शाईत पूर्ण झाली. वर घड्याळ आणि मर्क्युरी या रोमन देवाचा शिल्पसमूह, खाली ४२वा रस्ता ओलांडणारा पूल, पुलाखाली ट्राम. संध्याकाळी पुतणीला फोटो पाठवला. रात्री तिचा निरोप आला : "काका, पूल १९१९ चा आहे."

खरं आहे. पार्क अव्हेन्यूचा तो पूल १९१९ मध्ये वाहतुकीला उघडला. मग रात्री दोनपर्यंत बसून चित्रातली एकेक वस्तू तारखेवर तपासली. ज्यूल कुताँचं ते मर्क्युरीचं शिल्प बसलं १९१४ मध्ये. लेक्सिंग्टन अव्हेन्यूचा भुयारी रेल्वेमार्ग १९१८ चा, आणि त्याचं स्थानक मी प्रतीक्षागृहाखाली हलक्या रेघेत सुचवलं होतं. ४२व्या रस्त्याखालची भुयारी रेल्वे मात्र ऑक्टोबर १९०४ पासूनची, ती राहिली.

जिन्याच्या वेळी ही चूक कळूनही मी फक्त जिनाच दुरुस्त केला, याचं फार वाईट वाटलं. फोटो आजचे, शीर्षक १९१३ चं, आणि मधल्या १११ वर्षांत काय आलं-गेलं याची यादीच मी केली नव्हती. छेद जसा जागेतून घ्यायचा तसाच काळातूनही घ्यावा लागतो. जुन्या आरेखकांची अडचण माझ्या उलट होती. अर्धवट इमारतीवरून ते पुरी इमारत काढत. मला पुऱ्या इमारतीतून मागच्या गोष्टी वजा करायच्या होत्या.

करणाऱ्याने पेन्सिल उचलण्याआधी दोन रकाने आखावेत : वस्तू आणि ती कधी आली. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

७ ऑगस्ट

शीर्षक बदलून '१९१९' करणं सोपं होतं. पण मग पहिल्या दिवसाची गर्दी जाते, आणि मला ती हवी होती. पूल, शिल्प, १९१८ चं भुयार, सगळं काढलं. पूल छेदाच्या अगदी मध्यरेषेवर असल्याने ०.८ ने भरीव काळा केला होता. खोडरबराने इतकी जाड शाई हलली नाही. ब्लेड आडवं धरून खरवडलं. मॅटचा थर थोडा घासला गेला, तिथे आता शाई चमकते. जवळून पाहिलं तर रस्त्यावर पुलाचं भूत दिसतं. प्रिंटमध्ये ते येत नाही.

दर्शनी बाजू शिल्पाविना बोडकी वाटली. पहिल्या दिवशी लोकांनी ती तशीच पाहिली, म्हणून तशीच ठेवली.

१८ ऑगस्ट

स्कॅन आणि प्रिंट. फिल्म रोलरच्या स्कॅनरमधून सरकली आणि एका बाजूने अर्धा टक्का ताणली गेली, माणसं किंचित रुंद आली. दुसऱ्या दुकानात सपाट काचेवर चार तुकड्यांत स्कॅन करून जोडून घेतलं. आधीचे ३०० आणि नंतरचे ८०० गेले.

एकूण खर्च ५,१०० रुपयांच्या आसपास, त्यात किरकोळ ब्लेड, शाई, एसटीचं भाडं धरलं आहे. दिवस ९८, त्यांतले निदान पस्तीस चुका निस्तरण्यात.

एक प्रत गावातल्या वाचनालयाच्या भिंतीला लावली. शाळेतली मुलं बोटाने वाट काढत जातात : रस्ता, दार, प्रतीक्षागृह, उतार, गाडी. कुणी सांगावं लागत नाही. एक मुलगी उपनगरी दालनात पोचली आणि तिने विचारलं, वर परत कसं यायचं? तिला दुसरा उतार सापडला नव्हता, कारण तो छेदाच्या अलीकडच्या, कापून टाकलेल्या अर्ध्यात आहे. तिथे तुटक रेघ घालून तो सुचवायला हवा. करतो.

१ सप्टेंबर

पुतणी चित्राची प्रत घेऊन स्थानकात गेली आणि मुख्य उतारावर उभी राहून फोन केला. म्हणाली, "काका, इथे उतरतोय हे पायाला कळतच नाही. तुमच्या चित्रात माणसं घसरतील."

तिने फोन जमिनीवर ठेवून कोन घेतला. माझा उतार जवळपास दुप्पट तीव्र आहे. कारण सापडलं : खालचं दालन नीट दिसावं म्हणून मी दोन मजल्यांमधलं अंतर थोडं वाढवलं होतं, आणि उताराची लांबी तीच ठेवली. बांधण्याआधी वेगवेगळ्या चढाचे नमुना-उतार उभारून त्यांवर जाडी, बारीक, लांब झग्यातली, हातात सामान घेतलेली अशी माणसं चालवून पाहिली होती. त्यातून जो कोन निवडला तोच मी बिघडवला.

तिसरं फिल्म शीट अजून कोरं आहे. सहा दिवसांवर गणपती आहेत, त्याआधी घरात टेबल मोकळं करून द्यायचं आहे. खालचा मजला वर उचलून उतार नव्याने काढतो आहे. त्यावरची सतरा माणसंही पुन्हा काढावी लागतील, थोडी सरळ उभी.